बाईंना वीसपैकी सात

निवृत्त शिक्षकाला लोक दोन कामांसाठी आठवणीनं बोलावतात. लग्नात पहिल्या रांगेत बसवायला आणि शाळेत भाषण करायला. लग्नात निदान जेवण असतं. मलकापुरात आमच्या घरामागं एक नवी शाळा झालीय, तिथल्या तरुण मुख्याध्यापिका परवा घरी आल्या. म्हणाल्या, ''मॅडम, 'वर्गात विद्यार्थ्यांना प्रेरित कसे करावे' यावर आमच्या शिक्षकांना पाच मुद्दे सांगा. लिहून घेतील.''

मी दोन दिवस विचार केला. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी पोरांना गृहपाठ दिला, खडू फेकून मारले, सहलीत उलट्या करणाऱ्यांची डोकी धरली. पण प्रेरणा? पाच सोडा, एक मुद्दाही सरळ सापडेना. सापडली ती एक तुकडी. तिची हकिकत मुद्द्यांत बसत नाही, आणि तिच्यात मी फारशी शोभूनही दिसत नाही. म्हणून भाषण नाही म्हटलं आणि इथं लिहितेय.

मी मराठी आणि इतिहास शिकवणारी. गणिताशी माझा संबंध स्वतःच्या दहावीच्या परीक्षेनंतर संपला, तो दोन्ही बाजूंच्या संमतीनं. नोकरीची पहिली वर्षं सातारच्या बाजूला गेली, मग संस्थेनं बदली करून आष्ट्याजवळच्या एका गावात पाठवलं. तिथल्या हायस्कूलचे गणिताचे सर एका मे महिन्यात निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी माणूस काही येईना. जूनच्या पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली आणि शिपायाला चहा सांगितला. मुख्याध्यापकांनी आपणहून चहा सांगितला की शिक्षकानं ओळखावं, काहीतरी अंगावर येतंय.

''मोहितेबाई, नववी 'क'चं बीजगणित तुमच्याकडं देतोय.''

''सर, मी मराठीची!''

''मग? गणित मराठीतच आहे की.''

तेवढ्यात चहा आला. ते म्हणाले, ''फक्त दिवाळीपर्यंत सांभाळा. तोवर माणूस येतोय.''

कुठली दिवाळी ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढं दोन दिवाळ्या गेल्या.

'क' तुकडी म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आठवीच्या मार्कांवरून पोरं लावली जायची. वरची 'अ'मध्ये, मधली 'ब'मध्ये, आणि उरलेली 'क'मध्ये. कागदावर असं कुठंच लिहिलेलं नसायचं, पण पोरांना ते पहिल्या दिवशी कळायचं. 'क'च्या खोलीला दोन पंखे होते. एक बंद होता आणि दुसरा आवाज करायचा. अडतीस पोरं-पोरी. हजेरी घेताना 'अ'ची मुलं ''येस मॅडम'' म्हणायची. 'क'मधली नुसता हात वर करायची, तोही कोपरापर्यंत.

आमचे मिस्टर तोफखान्यात सुभेदार होते. तोफेचा गोळा कुठं पडणार हे काढायला गणित लागतं, त्यामुळे त्यांचं चांगलं होतं. तेव्हा आम्ही आष्ट्यात राहत होतो. रोज सकाळी चहाबरोबर ते मला त्या दिवशीचा धडा शिकवायचे. त्यांची पद्धत फौजी.

''एक्स म्हणजे दुश्मन. दिसत न्हाई, पन हाय. त्याला एकटा पाडायचा. त्याच्याभवतीची मानसं एकेक करून बराबरच्या चिन्हापलीकडं धाडायची. बॉर्डर वलांडली की वर्दी बदलती. अधिकचं वजा, वजाचं अधिक. समझ गये?''

समजायचं. एसटीत बसेपर्यंत पक्कं असायचं. शाळेचा जिना चढेपर्यंत दुश्मन पुन्हा पसार.

जुलैमध्ये सांगलीला विश्रामबागेत तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. विषय हाच, प्रेरणा. शिकवायला जाकीट घातलेले एक साधनव्यक्ती होते. आमच्या खात्यात प्रशिक्षण देणाऱ्या माणसाला साधनव्यक्ती म्हणतात. त्यातलं साधन किती आणि व्यक्ती किती हे ज्याचं त्यानं ठरवावं. त्यांनी आम्हा साठ शिक्षकांना डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, ''तुम्ही एक बी आहात. मातीखाली आहात. हळूहळू तुम्हाला अंकुर फुटतोय.'' माझ्या शेजारी शिराळ्याकडचे एक पी.टी.चे सर होते, त्यांना एकदम जेवणाच्या सुट्टीतच अंकुर फुटला. बाकी त्या तीन दिवसांत मी वहीभर टिपणं काढली. सार तीन शब्दांत होतं: चांदणी, शाबासकी, टाळी. उत्तर बरोबर आलं की तक्त्यावर चांदणी चिकटवा, चुकलं तरी प्रयत्नाला शाबासकी द्या, आणि सगळ्यांनी मिळून टाळी वाजवा.

सोमवारी मी आष्ट्यातून चमकीच्या चांदण्यांचं पाकीट घेतलं आणि 'क'च्या भिंतीवर तक्ता लावला. पहिले चार दिवस पोरं खरंच हात वर करू लागली, खांद्यापर्यंत. मला वाटलं, जमलं. दुसऱ्या आठवड्यात तक्ता आकाशासारखा चमकायला लागला. प्रथमेश नावाच्या पोरासमोर तर एकवीस चांदण्या. त्यानं तोंड उघडल्याचं मला आठवत नव्हतं.

''प्रथमेश, ह्या कधी मिळवल्यास?''

तो उभा राहिला. ''बाई, त्या दुकानात आजून हायत्या. तुमास्नी पायजेल का?''

चांदणी संपली. उरली शाबासकी. फळ्याजवळ येऊन कुणीही काहीही लिहिलं की मी ''शाब्बास!'' म्हणायचे. एकदा तनुजानं उत्तर लिहिलं. तनुजा शाळेच्या कबड्डी संघातली चढाई करणारी पोरगी. आवाज असा, की ती हळू बोलली तरी 'अ' तुकडीला कळायचं. मी म्हटलं, ''शाब्बास तनुजा! टाळ्या!''

टाळ्या झाल्या. तनुजा जागेवरच. म्हणाली, ''बाई, चुकल्यालं हाय ते. मी मुद्दाम चुकीचं लिवलंय.''

''का?''

''तुमास्नी कळतंय का बगाय.''

त्याच सुमाराला चिठ्ठ्या सुरू झाल्या. हजेरीपत्रक उघडलं की आत वहीचा इवलासा तुकडा, पेन्सिलीनं बारीक, तिरकं लिहिलेला. 'काल चौथ्या ओळीत वजा राहिलं.' 'परवाच्या उदाहरणात कंस आधी सोडवायचा होता.' नाव नाही. पहिल्या वेळी माझा जळफळाट झाला. मी ती फाडली, मग वर्ग रिकामा झाल्यावर पाटी-पेन्सिल घेतल्यासारखं उदाहरण परत केलं. वजा राहिलं होतं. मला आधी विज्ञानाच्या सरांचा संशय आला, कारण भूमिती त्यांच्याकडं होती आणि माझ्या बीजगणितावर ते चहाच्या वेळी गालात हसायचे. पोरांपैकी कुणी असेल असं मनातही आलं नाही. त्या चिठ्ठ्या मी नंतर फाडल्या नाहीत, पर्समध्ये ठेवू लागले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ''काल घाईत एक राहिलं बरं का'' म्हणून गुपचूप दुरुस्ती करायचे.

मग आला वयांचा धडा. उदाहरण असं: पाच वर्षांपूर्वी आईचं वय मुलीच्या वयाच्या चौपट होतं. पाच वर्षांनी दोघींच्या वयांची बेरीज साठ होईल. तर आजची वयं काढा. मी सकाळी सुभेदारांकडून दोनदा करून घेतलं होतं. वर्गात मोठ्या आवाजात वाचलं, आईला एक्स धरलं, मुलीला वाय धरलं आणि धडाधड फळा भरत गेले. त्या दिवशी हात असा चालला होता, की वाटलं, मराठीत उगाच आयुष्य घालवलं. शेवटची ओळ लिहिली, खाली दोन रेघा ओढल्या. आईचे आजचे वय तेरा वर्षे. मुलीचे आजचे वय सदतीस वर्षे.

पोरांनी लिहून घेतलं. 'क' तुकडीचा हा गुण होता, लिहून सगळं घ्यायची. मग तनुजाचा हात वर.

''बाई, एक इचारू? आई तेरा वर्साची आन् पोरगी सदतीसची?''

''हं?''

''मंजी आई जल्माला यायच्या आदी पोरीचं लगीन झाल्यालं. मग आईला वाडवलं कुनी? पोरीनंच?''

वर्गात आधी एकजण फिसकन हसला. मग जे सुरू झालं ते थांबेना. प्रथमेश बाकावर आडवा पडून हसत होता. कुणीतरी मागून ओरडलं, ''आई, शाळंला जा गं, उशीर झाला!'' पुन्हा हशा. पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू येईना.

अशा वेळेसाठी शिक्षकाच्या जिभेवर एक वाक्य कायम तयार असतं. आमच्या धंद्यातलं जुनं हत्यार आहे ते. मीही काढलं. ''शांत बसा! मी मुद्दाम चूक केली. तुमचं लक्ष आहे का बघत होते.''

हशा थांबला. तनुजा खाली बसता बसता म्हणाली, ''जूनपासनं मुद्दामच चाललंय व्हय, बाई?''

तिनं ते कुचेष्टेनं म्हटलं नव्हतं. तिला खरोखर माहिती हवी होती. अडतीस तोंडं माझ्याकडं बघत होती. मी डस्टर टेबलावर ठेवलं. खुर्चीत बसले आणि बोलून गेले. ''नाही. मला येत नाही. मी मराठीची बाई आहे. मला हे गणित येत नाही. सकाळी आमचे मिस्टर शिकवतात ते इथं येऊन ओकते. आज 'चौपट' कुठं लावायचं ते चुकलं.''

आता पोरं हे घरी सांगणार, घरचे मुख्याध्यापकांना सांगणार, एवढंच डोक्यात. तेवढ्यात प्रथमेश म्हणाला, ''आमालाबी येत न्हाई, बाई.'' त्याच्या आवाजात एवढा आपलेपणा होता की मला हसू आलं.

तनुजा मात्र उठली. सरळ फळ्याकडं आली, माझ्यासमोरचा खडू उचलला. ''सरका बाई. तुमी हितं बसा,'' म्हणत तिनं पहिला बाक दाखवला. ''आता मला सांगा, आई थोरली का पोरगी थोरली?''

''आई.''

''मग लहानग्याला चारनं गुनायचं का थोरल्याला?''

''लहानग्याला.''

''मग तुमी आईला का गुनलं?''

तास संपेपर्यंत उत्तर निघालं. आई सदतीस, मुलगी तेरा. शेवटी टाळ्या झाल्या, कुणी न सांगता.

त्या दिवसापासून 'क' तुकडीला एक काम मिळालं. तनुजानं जाहीर केलं, ''दिवाळीच्या आत बाईस्नी पास करायचं.'' मी पुस्तकातलं उदाहरण वाचायचे आणि जिथं अडेल तिथं खरोखर अडायचे. मग कुणीतरी उठायचं. त्यासाठी आधी त्याला ते यावं लागायचं. पोरं घरून करून येऊ लागली. मोठ्या भावाला विचारून, मोबाइलवर व्हिडिओ बघून, 'अ'च्या पोरांना मधल्या सुट्टीत कोपऱ्यात गाठून. प्रथमेशनं तर एकदा चुलत्याला शेतावरून बोलावून आणलं होतं, पण चुलत्यालाही येत नव्हतं. मला समजावताना पोरं जो धीर धरायची, तो मी त्यांच्यासाठी कधी धरला नव्हता. ''बाई, घाबरू नगा. परत सांगतो,'' हे वाक्य मी तेव्हा रोज ऐकायचे.

सप्टेंबरात त्यांनी माझी परीक्षा घेतली. वीस मार्कांची. पेपर पोरांनी काढला, वेळ लावली, मला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं आणि दोघंजण पाळतीवर ठेवले. मला सात मार्क पडले. पेपरावर लाल शेरा होता: 'हस्ताक्षर सुंदर. शुद्धलेखन चांगले. उत्तरे चुकीची. पालकांना भेटायला पाठवावे.'

मी हसण्यावारी नेलं, पण तनुजा ऐकेना. शेवटी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सुभेदार आले. इस्त्रीचा शर्ट, हात पाठीमागं. पोरांनी त्यांना खुर्ची दिली. मी बाजूला उभी.

तनुजानं पेपर पुढं केला. ''आवं सुभेदार, बाई हुशार हायत्या. पन घरी अब्यास करत न्हाईत असं दिसतंय.''

सुभेदारांनी पेपर वाचला. चेहरा कडक. ''सकाळी शिकवतो मी. पन ही मदीच दूध उतू गेलं म्हनून उठून जाती.''

''मग दूध तुमी बगा की,'' प्रथमेश म्हणाला. ''त्यास्नी उठवू नगा.''

सुभेदारांनी पेपराची घडी घातली. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना इतकी स्पष्ट ऑर्डर कुणी दिली नसावी. म्हणाले, ''ठीक है.'' आणि सांगायला आनंद वाटतो, त्या दिवसापासून आमच्या घरी सकाळचं दूध तेच बघतात. आजही.

ऑक्टोबरात मुख्याध्यापक व्हरांड्यातून जाता जाता खिडकीशी थांबले. फळ्यापाशी तनुजा, बाकावर मी, बाजूला प्रथमेश माझ्या वहीत बोट घालून काहीतरी ओरडतोय. सरांचा चष्मा खाली आला. ''मोहितेबाई?'' मी उभी राहिले, विद्यार्थ्यासारखी. ''समजून घेतेय सर.'' ते तसेच पुढं गेले. पुढच्या आठवड्यात संस्थेच्या बैठकीत त्यांनी सांगितलं, की आमच्या शाळेत विद्यार्थीकेंद्री अध्यापनाचा उपक्रम सुरू आहे आणि तो विश्रामबागेच्या प्रशिक्षणाचं फळ आहे. मला गुलाबाचं फूल मिळालं. मी ते घेतलं. खरं सांगायची ती जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

दिवाळीआधी मला वीसपैकी बारा पडले. गणिताचा माणूस आला नाही.

इथवर सगळं गमतीचं. पुढचं सांगताना पेन जड होतं, पण ते टाळलं तर बाकीच्याला अर्थ नाही.

मार्चमध्ये सरांनी पुन्हा चहा सांगितला. ''बाई, पुढच्या वर्षी ही पोरं दहावीला. निकालाचं तुम्हाला माहीतच आहे. 'क'मधली जी अगदीच निघणार नाहीत, त्यांची नावं द्या. सतरा नंबर भरायला लावू.''

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा अर्ज. ज्याची शाळा काही कारणानं सुटली, त्याच्यासाठी तो चांगला आहे. पण काही ठिकाणी त्याचा दुसरा उपयोगही होतो. कच्च्या पोराला बाहेरून बसवलं की त्याचं नापास होणं शाळेच्या निकालात धरलं जात नाही. सर वाईट माणूस नव्हते. वर्षभर निकालाचा आकडा त्यांच्या डोक्यावर टांगलेला असायचा आणि संस्थेत त्यांना त्याचाच जाब द्यावा लागायचा.

मी घरी मार्कांचं रजिस्टर काढलं आणि सहा नावं लिहिली. फार विचार केला नाही. त्यात एक नाव अश्विनीचं होतं. खिडकीजवळ तिसऱ्या बाकावर बसायची. वर्षभरात तिनं मला एकदाही काही समजावलं नव्हतं. ती कुणाशीच बोलायची नाही. चाचणीत वीसपैकी तीन, चार. पेपर निम्मा कोरा. प्रत्येक शिक्षक तिला एकच शब्द म्हणायचा: आटप. मीसुद्धा.

असल्या याद्या लपत नाहीत. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत तनुजा शिक्षकखोलीच्या दारात उभी राहिली. आत विज्ञानाचे सर डबा खात होते. ती त्यांच्याकडं न बघता आत आली.

''बाई, अश्विनीचं नाव तुमी दिलं?''

''तनुजा, तिच्या भल्यासाठीच. दहावी तिला झेपणार नाही. बाहेरून सावकाश दे म्हणावं.''

''घरी बसली की सावकाश काय, लगीनच लावत्यात. तिच्या थोरल्या भनीचं तेच झालं. सतरा नंबर भरला, आन् परीक्षेच्या आदी हळद.''

तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. ''तुमास्नी वीसपैकी सात पडलं तवा आमी काय केलं, बाई? आमी तुमचा सतरा नंबर भरला का?''

विज्ञानाच्या सरांचा घास हातात राहिला.

''आन् त्या चिठ्ठ्या,'' ती म्हणाली, ''तुमच्या हजेरीत येत्यात त्या. कोन लिवतंय, कवा इचारलं तुमी?''

मी पर्स पुढ्यात ओढली.

''तिला येळ लागतोय, बाई. तासाला व्हत न्हाई तिचं. घरी जाऊन, भाकरी थापून झाल्यावर करती. म्हनून दुसऱ्या दिवशी चिठ्ठी.''

पहिली फाडलेली सोडून पर्समध्ये त्या सगळ्या होत्या. मी बाहेर काढून टेबलावर ठेवल्या आणि एकेक परत वाचल्या. एकही चुकलेली नव्हती. प्रत्येकीत 'काल' नाहीतर 'परवा' होतं, ते मी मराठीची बाई असून कधी वाचलं नव्हतं.

ऑफिसात गेले. सरांना म्हटलं, यादी परत द्या. ते म्हणाले, ''बाई, उपक्रम वेगळा आणि निकाल वेगळा.'' मी म्हटलं, ''सर, उपक्रम नव्हताच तो. मला गणित येत नव्हतं आणि पोरं मला शिकवत होती.'' सरांनी चष्मा काढला. काच पुसून तो पुन्हा घातला. शेवटी म्हणाले, ''मग आता येतंय का?'' ''थोडं थोडं.'' ''लेखी द्या. 'क'चं गणित तुमच्या जबाबदारीवर.'' मी तिथंच लिहून दिलं. त्यांनी वाचून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि यादी फाडली. सहाही नावांची.

दहावीचं वर्ष कष्टाचं गेलं. अश्विनीला मी 'आटप' म्हणणं सोडलं. तोंडात इतका बसलेला शब्द होता की पहिला महिना जीभ चावत काढला. तिची माफी मागितली तेव्हा ती एवढी घाबरली की पळून गेली. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली: 'असू द्या. कालच्या तिसऱ्या ओळीत वर्ग राहिला.' मी तिला एवढंच शिकवलं, की पेपर सगळा सोडवायचा नसतो. जे येतं ते शांतपणे करायचं, उरलेलं टाकून द्यायचं आणि टाकताना रडायचं नाही. परीक्षेतून बाहेर आली तेव्हा मी फाटकाशी होते. ती आपणहून बोलली, दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं.

''निम्माच सुटला, बाई. पन सुटला तेवढा बरूबर हाय.''

निकालात ती पास झाली. सहापैकी पाच पास झाले. सहावा इंग्रजीत राहिला आणि जुलैच्या परीक्षेत निघाला. प्रथमेशला गणितात अठ्ठेचाळीस पडले, ते बघून त्यानं आधी मार्कलिस्टवरचं नाव तपासलं. तनुजाला त्रेचाळीस, तिनं मला फोनवर सांगितलं, ''बाई, तुमच्या नादात माजं राहिलं.'' ती आता पोलीस भरतीची तयारी करतेय. अश्विनी इस्लामपूरला कॉलेजात आहे. तिच्या घरी स्थळ आलं होतं, ते तनुजानं कसं परतवलं हे तिनं मला सांगितलंय, पण इथं लिहू नका म्हणालीय.

निरोपाच्या दिवशी त्यांनी मला गुणपत्रक दिलं. बीजगणित: पास. वर्तन: बरे. शेरा: वर्गोन्नत.

आता शेवटचं. दोन वर्षांत मला बीजगणित खरोखर येऊ लागलं, आवडूही लागलं. जूनमध्ये नवी नववी 'क' आली. तीच खोली, तेच कोपरापर्यंतचे हात. मी मनात म्हटलं, आता आपल्याला युक्ती कळलीय. वयांचं उदाहरण फळ्यावर घेतलं, चौपट मुद्दाम आईला लावलं, तेरा वर्षांची आई काढली आणि कपाळाला हात लावून बसले. ''अगं बाई, हे काय आलं? मला तर काही कळेना. कुणी सांगेल का?''

वर्ग गप्प. पहिल्या बाकावर एक बारकी पोरगी होती, दोन वेण्यांची. ती माझ्याकडं निरखून बघत होती.

''बाई,'' ती म्हणाली, ''तुमास्नी येतंय.''

''नाही गं, खरंच नाही येत.''

''येतंय. तुमी चुकताना आमच्याकडं बगत हुता. ज्याला येत न्हाई त्यो फळ्याकडं बगतोय.'' आणि वही उघडून पेन्सिल सरळ करत म्हणाली, ''नाटक नगा करू, बाई. शिकवा.''

मी उठले, फळा पुसला आणि शिकवलं. सुरुवातीपासून, एकेक ओळ. आई सदतीस, मुलगी तेरा. सगळं बरोबर आलं. वर्गात कुणी हसलं नाही.